शेवट गोड हे कबूल, मधल्या पानांचं बोला

रोमान्स आणि कोझी फँटसी छापणाऱ्या तमाम संपादक-प्रकाशक मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण तक्रार एका पुस्तकाची किंवा एका प्रकाशनगृहाची नाही. ती नाकाने कांदे सोलणाऱ्या समीक्षकाचीही नाही. प्रेमकथा वाचणं म्हणजे रिकामटेकडेपणा आणि युद्धाशिवायची, उबदार घरगुती 'कोझी' फँटसी म्हणजे बाळबोधपणा असं समजणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या पंक्तीत मला बसवू नका. मी तुमची गिऱ्हाईक आहे. नवीन पुस्तक आलं की घेते, जागून संपवते, आवडलं तर पुन्हा वाचते. म्हणून तर अलीकडे इतकी चिडते.

चिडण्याचं कारण थोडक्यात सांगते. शेवट गोड होणार ही हमी तुम्ही देता, आणि हमी दिलीच आहे तर मधली अडीचशे पानं कशीही भरली तरी खपून जातील असं तुम्ही धरून चाललेले दिसता.

हमीबद्दल माझं काही म्हणणं नाही. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही १९८० साली स्थापन झालेली लेखकांची संघटना. तिने रोमान्सची जी व्याख्या केली तिच्यात दोनच अटी आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. (२०२४ मध्ये या संघटनेवरच दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली, पण तो वेगळा विषय.) या अटींत वावगं काय आहे? रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठाऊक असतंच की. उलट शेवट ठाऊक असला की वाचकाचं सगळं लक्ष 'कसं' यावर येऊन बसतं, आणि मग लेखकाला लपायला जागा उरत नाही. जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालचं. त्याचा शेवट आज कुणाला ठाऊक नाही? तरी नायक डार्सीचं पत्र हातात घेऊन नायिका एलिझाबेथ ते पुन्हा पुन्हा वाचते, आधी रागाने, मग नाइलाजाने, मग एकेका वाक्याशी अडखळत, ते प्रकरण आजही तितकंच चढतं. त्या प्रकरणात घडत काहीच नाही. एक बाई आपलं मत बदलते, बस्स.

आता तुमचं चाललंय काय ते बघा. पुस्तक हातात घेतलं की मलपृष्ठावर कथेऐवजी यादी भेटते. एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम). फेक डेटिंग (जोडपं असल्याचं सोंग). ओन्ली वन बेड. ग्रम्पी-सनशाइन (एक तिरसट, एक हसतमुख). स्लो बर्न (हळूहळू पेटत जाणारं प्रेम). फाउंड फॅमिली (रक्ताच्या नात्यापलीकडचं कुटुंब). जाहिरातीत तर मुखपृष्ठाभोवती बाण काढून हीच नावं चिकटवलेली असतात. मला या ट्रोपांचं, म्हणजे ठरलेल्या कथा-साच्यांचं, वावडं नाही. मुक्कामाच्या सरायीत एकच खोली शिल्लक आणि खोलीत एकच पलंग, हे मला वर्षानुवर्षं आवडत आलं आहे. पण हे शब्द वाचकांचे होते. वाचून झाल्यावर, आपसांत बोलताना वापरायचे. आता ते कथेच्या आधी ठरतात आणि कथा त्यांच्या मापाने कापली जाते. आधी कळस, मग पाया. मग होतं असं, की नायक-नायिका हाडवैरी आहेत हे मला मलपृष्ठ सांगतं, पहिलं प्रकरण सांगतं, नायिकेची मैत्रीण दोनदा सांगते, फक्त त्यांच्या वागण्यातून ते कुठे दिसत नाही. त्याने कधीकाळी तिच्या कागदांवर कॉफी सांडली होती, एवढ्या भांडवलावर दोनशे पानांचं वैर. आणि ज्यावर 'स्लो बर्न' असं छापलेलं असतं, त्यात तिसऱ्याच प्रकरणात तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो आणि हिच्या गुडघ्यांतलं बळ जातं. यात स्लो काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

कोझी फँटसीकडे येते. इथे माझा जीव जास्त गुंतलेला आहे, त्यामुळे जरा लांबेल.

ही लाट ज्या पुस्तकाने उसळली ते आठवा. ट्रॅव्हिस बाल्ड्री हे मूळचे ऑडिओबुकांचे निवेदक. नोव्हेंबर २०२१ मध्ये, महिन्याभरात कादंबरी लिहून काढायच्या 'नॅनोरायमो' उपक्रमात त्यांनी 'लेजंड्स अँड लाटेज' लिहिली, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःच प्रकाशित केली, आणि ती इतकी चालली की त्याच वर्षी नोव्हेंबरात टॉर या प्रकाशनगृहाने ती नव्याने काढली. २०२३ मध्ये ती विज्ञानकथा-फँटसीला मिळणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. यावरून तुम्ही काय धडा घेतलात ते दुकानांच्या फळ्यांवर दिसतंच आहे: राजे नकोत, युद्ध नको, जगबुडी नको, एक दुकान, एक बेकर आणि एक भलंमोठं मांजर पुरे. त्यानंतर किती दुकानं उघडली! चहाची, पुस्तकांची, मेणबत्त्यांची, रोपांची, जादूच्या काढ्यांची. या सगळ्या काल्पनिक नगरांत आता एखादा तरी माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात उरला आहे का, अशी शंका येते.

पण त्या पहिल्या दुकानात काय होतं ते एकदा संपादकाच्या नजरेने पाहा. विव्ह ही ऑर्क या फँटसीतल्या कल्पित जातीची बाई, उभं आयुष्य तलवारीवर काढलेली. कॉफीचं दुकान काढायला ती थ्यून नावाच्या शहरात एक जुना तबेला विकत घेते. मग पानंच्या पानं जातात ती छपरात, फळ्यांत, भिंतींत. कॅल नावाचा सुतार कामाला येतो, मोजकं बोलतो, आणि त्याच्या त्या मोजक्या बोलण्यातून तो माणूस कळतो. दुकान उघडतं, तर गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण कॉफी म्हणजे काय हेच त्या शहरात कुणाला ठाऊक नाही. आता हा प्रश्न तलवारीने सुटणारा नाही, आणि विव्हला आजवर दुसरं काही यायचं नाही. शहरातले खंडणीखोर दारात येतात तेव्हा तिचा हात जुन्या सवयीकडे वळू पाहतो. खरा धोका तिथे आहे. जग बुडणार नाही, पण ही बाई पुन्हा पहिल्यासारखी होऊन बसेल. 'लो स्टेक्स' म्हणतात ते हे. पणाला लागलेली गोष्ट लहान आहे, पण ती पणाला लागलेली आहे.

त्यातलं सगळंच मला पटलं असंही नाही. खंडणीचं प्रकरण शेवटी दालचिनीच्या रोलांवर मिटतं, तिथे लेखकाने पळवाट काढली असं मला वाटलं. हसू आलं, पण पटलं नाही. तरी तोवर त्याने इतकी मेहनत केलेली होती की एक पळवाट माफ.

याच्याही पुढे जाणारं पुस्तक हवं असेल तर बेकी चेंबर्स यांचं 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' घ्या. २०२१ चं, २०२२ मध्ये लघुकादंबरीचा ह्यूगो मिळालेलं. कागदोपत्री ती विज्ञानकथा आहे, पण कोझी वाचणारे तिला आपलीच मानतात. त्यातले डेक्स हे चहा देणारे भिक्षू. गाडी घेऊन गावोगाव जायचं, लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्यांना रुचेल असा चहा करून द्यायचा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी समोर एक बाई येते आणि सांगते की तिचं मांजर गेलं. डेक्सना काय बोलावं ते सुचत नाही. चहाही धड जमत नाही. वाचताना इतकं अवघडायला होतं की पान उलटून पुढे पळावंसं वाटतं. मग ते रीतसर शिकतात, तयार होतात, पंचक्रोशीत नाव होतं, आणि नेमकं तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला काही बरं वाटत नाहीये. जग चांगलं आहे, काम आवडीचं आहे, माणसं प्रेमळ आहेत, आणि तरीही. हे 'तरीही' लिहायला धाडस लागतं. सगळं छान असलेल्या जगात अस्वस्थ माणूस उभा करायचा आणि त्याला कृतघ्न ठरवायचं नाही, हे महायुद्ध लिहिण्यापेक्षा सोपं नक्कीच नाही.

सेरा बेथ डर्स्ट यांचं 'द स्पेलशॉप' २०२४ मध्ये आलं तेव्हा मी जरा साशंकच होते. ग्रंथपाल नायिका, बेट, जॅमचं दुकान, बोलणारं झाड: यादी बनवायला बसावं तसं सगळं हजर. पण तिथे एक गोष्ट नीट बसवलेली आहे. राजधानीत बंड होतं, ग्रंथालय पेटतं, आणि किएला मंत्रांच्या पुस्तकांची खोकी नावेत घालून निघते. सामान्य माणसाने जादू करणं त्या राज्यात गुन्हा आहे. बेटावर ती जॅम विकते आणि त्याच्या आडून औषध म्हणून मंत्र विकते. म्हणजे प्रत्येक बरणीमागे भीती आहे. शिवाय बेटाची दैना झाली आहे ती जादू मूठभरांच्या हाती राहिल्यामुळे, त्यामुळे तिचा गुन्हा हा निव्वळ गोडवा राहत नाही. कॅझ हे झाड सतत घाबरलेलं असतं, आणि मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात शहाणं पात्र तेच. लॅरन हा शेजारी मात्र इतका समजूतदार आहे, की हा कधीतरी एकदा वैतागू दे, अशी वाट बघत मी पानं उलटत होते. नाहीच वैतागला.

याउलट हेदर फॉसेट यांची एमिली वाइल्ड. २०२३ ते २०२५ या काळात तीन भाग आले. परी लोकांचा अभ्यास करणारी ही विदुषी हुशार आहे आणि माणसांत वावरायला तितकीच अडाणी. या स्वभावाच्या नायिका हल्ली ढिगाने असतात, पण त्यांचा फटकळपणा लेखकाला गोंडस वाटत असतो आणि गावालाही तो लगेच गोंडस वाटू लागतो. एमिलीचं तसं होत नाही. पहिल्या भागात ती गावच्या प्रमुख बाईंनाच नकळत दुखावते, आणि त्या थंडीत ते तिला चांगलंच जाणवतं. परी लोकही नावाला गूढ नसून खरेच क्रूर आहेत. वेंडेल बॅम्बलबी हा आळशी, देखणा, आणि जरा जास्तच आवडेल असा सहकारी; त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही, नाहीतर पत्राचा तोल जाईल. तळटीपा मात्र वगळू नका. निम्मी गंमत तिथे आहे.

चांगल्यांबद्दल इतकं लिहिलं, ते बाकीच्यांत काय नसतं ते कळावं म्हणून. बाकीच्यांत दुकान असतं, पण कपबशा कुणी विसळत नाही. भट्टी असते, हात भाजत नाही. माल संपत नाही, उधारी थकत नाही, पाय दुखत नाहीत. जुन्या जमान्यातलं नगर, दिवे तेलाचे, आणि त्यातला लोहार नायिकेला सांगतो की तुझ्या भावना रास्त आहेत आणि मी तुझ्या मर्यादांचा आदर करतो. अहो, आदर करू दे ना, पण लोहारासारखा करू दे! समुपदेशकाच्या खोलीतली भाषा ड्रॅगनच्या तोंडी घातली की ड्रॅगनही गेला आणि समुपदेशनही.

आणखी एक जपून बोलायची गोष्ट. टी. जे. क्लून यांचं 'द हाउस इन द सेरुलियन सी' (२०२०) या प्रकारातलं अत्यंत लाडकं पुस्तक. सरकारी खात्यातला, नियमांना चिकटलेला लायनस जादूई मुलांच्या अनाथालयाची तपासणी करायला जातो. मलाही ते आवडलं होतं. पुढे लेखकानेच सांगितलं की या कल्पनेमागे कॅनडातल्या 'सिक्स्टीज स्कूप'चं वाचन होतं. तिथल्या मूळनिवासी मुलांना घरांतून काढून परक्या कुटुंबांत दत्तक दिलं गेलं, तो इतिहास. त्यावर पुष्कळ टीका झाली. ती टीका मला बरीचशी रास्त वाटते. खऱ्या मुलांच्या बाबतीत ज्या यंत्रणेने घरं मोडली, तिच्या सावलीतून उबदार गोष्ट काढायची असेल, तर त्या यंत्रणेतला एक भला माणूस सुधारला एवढ्यावर भागत नाही. पुस्तकावर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही. पण ही शंका हस्तलिखित वाचताना कुणालातरी यायला हवी होती, आणि ती येणं हे संपादकाचं काम.

आता निव्वळ रोमान्स. ई-रीडरवर ऐंशी टक्के पुस्तक वाचून झाल्याचा आकडा दिसला की मला धडधडायला लागतं, आणि ते प्रेमाने नव्हे. तिथे भांडण होणार. व्हायलाच हवं असं तुमच्याकडे कुठेतरी लिहून ठेवलं असावं. पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत एकमेकांच्या मनातलं न सांगता ओळखणारी ही दोन शहाणी माणसं. ती दाराआडून अर्धं बोलणं ऐकते आणि बॅग भरते. तो थांबवत नाही, कारण 'ती माझ्याशिवायच सुखी राहील'. एक फोन केला असता तर पुस्तक तिथेच संपलं असतं, म्हणून फोन करायचा नाही.

असं भांडण नको असं नाही. ते त्या दोघांच्या आयुष्यातून यावं, पानांच्या हिशेबातून येऊ नये. एमिली हेन्री यांच्या 'बुक लव्हर्स'मध्ये (२०२२) नोरा ही साहित्यिक एजंट आणि चार्ली हा संपादक. दोघांचं जमतं, दोघांना कळतंही की जमलंय. अडचण अशी की त्याला घरच्यांसाठी गावात राहणं भाग आहे आणि तिचं सगळं जगणं शहरात आहे. इथे कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी काही चुकीचं ऐकलेलं नाही. दोघंही बरोबर आहेत आणि म्हणूनच त्रास होतो. त्यांच्याच 'हॅपी प्लेस'मध्ये (२०२३) तर पुस्तक सुरू होण्याआधीच ताटातूट झालेली आहे. मित्रमंडळींना पत्ता लागू नये म्हणून हॅरिएट आणि विन सुट्टीभर जोडपं असल्याचं सोंग करतात. का तुटलं, हे कळत जाणं म्हणजेच कादंबरी. ऐंशी टक्क्यांवर चिकटवलेलं भांडण आणि हे, यांतला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. मग हस्तलिखितावर तसं लिहीत का नाही?

एक परीक्षा सुचवते, फुकटात होणारी. हल्ली एक प्रकरण त्याचं, एक तिचं, दोघंही 'मी' म्हणून बोलणार आणि प्रकरणाच्या डोक्यावर नाव, ही रीत आहे. ते नाव बोटाने झाका आणि पानभर वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर पुस्तक छापखान्यात पाठवू नका. तो सर्जन आहे आणि ती रंगकाम करते, पण दोघांचे विनोद तेच, उसासे तेच, वाक्याच्या मध्येच थांबून स्वतःला टोमणा मारायची खोडही तीच. अशा दोघांनी एकमेकांच्या प्रेमात पडण्यात नवल कसलं, आरशासमोर उभं राहिल्यासारखंच ते.

वेळ नाही, पैसा नाही, ही सबब सांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये रेबेका यारोस यांच्या 'ऑनिक्स स्टॉर्म' या रोमान्स-फँटसीच्या पहिल्या आठवड्यातच २७ लाख प्रती खपल्या. पुस्तकांच्या कडा रंगवायला, त्यांवर वेलबुट्टी काढायला, मुखपृष्ठाला सोनेरी वर्ख द्यायला तुमच्याकडे पैसा आहे. कडा सुंदर दिसतात, मी पण हात फिरवते त्यांवरून. पण त्याच रंगीत कडांच्या आत नायकाचे डोळे सातव्या प्रकरणात निळे आणि एकविसाव्यात राखाडी असतात. २०२५ मध्येच काही स्वयंप्रकाशित रोमान्स कादंबऱ्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलेल्या सूचना तशाच छापून आलेल्या वाचकांना सापडल्या. ती पुस्तकं तुमची नव्हती हे मान्य. पण लेखक वर्षाला एक नव्हे तर दोन पुस्तकं देईल असं करार करताना तुम्ही धरून चालता, तेव्हा पाट्या टाकण्याची सवय तुम्हीच लावत असता. महिन्याभरात चांगलं पुस्तक लिहून होतं, बाल्ड्रींनी दाखवलं आहे. ते दर सहा महिन्यांनी होतं असं मात्र कुणीही दाखवलेलं नाही.

जाता जाता, 'लेजंड्स अँड लाटेज'च्या त्याच जगातलं नवं पुस्तक वाचलंत का? 'ब्रिगँड्स अँड ब्रेडनाइव्ज', नोव्हेंबर २०२५. त्यात फर्न ही पुस्तकविक्रेती विव्हच्या शहरात येऊन नवं दुकान मांडते. जुनी मैत्रीण शेजारी, पुस्तकं भरलेली, सगळं जिथल्या तिथे. आणि तिला करमत नाही. ती एका म्हाताऱ्या होत चाललेल्या योद्धिणीबरोबर रस्त्याला लागते आणि परत जायचं टाळत राहते. ज्या लेखकाने या दुकानाची हौस सगळ्यांना लावली, त्यालाच आता दुकान हे उत्तर पुरेसं वाटत नाहीये. आणि तुमच्या पुढच्या हंगामाच्या घोषणांत मी मोजायचं म्हटलं तरी दुकानांखेरीज काही सापडेना.

पत्राला उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पुढच्या हंगामाची यादी आली की कळेलच.

आपली,
एक वाचक